एक प्रोग्राम, अनेक रंगमंच : संगणकाच्या खिडक्यांसाठी लायब्ररी निवडताना



स्मृतिव्याख्यानासाठी ‘संगणकाच्या खिडक्या’ हा विषय काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. म्हणून त्याची प्रस्तुतता आरंभीच सांगतो. सीमाभागातील कोणत्याही मराठी शाळेची कचेरी डोळ्यांपुढे आणावी. लेखनिकाच्या टेबलावरील संगणकावर विंडोज असते. मुलांच्या संगणककक्षात परवान्याचा खर्च नको म्हणून लिनक्स बसवलेले असते. आणि हौसेने मदत करू इच्छिणारा माजी विद्यार्थी पुण्याहून किंवा बंगळूरहून येतो तो काखेत ॲपलचा मॅक घेऊन. त्याला प्रवेशाच्या नोंदी ठेवणारा आणि शाळा सोडल्याचा दाखला छापणारा प्रोग्राम लिहावयाचा असतो. दाखल्यावर नाव मराठीत हवे, कन्नडमध्ये हवे, इंग्रजीतही हवे. प्रोग्राम तिन्ही संगणकांवर चालला पाहिजे, आणि लिहिणारा परदेशी गेल्यानंतरही दहापंधरा वर्षे चालत राहिला पाहिजे. दाखल्यावर ‘कुऱ्हाडे’ या आडनावाचे ‘कुर्हाडे’ झाले, तर त्या मुलाला पुढे जागोजाग प्रतिज्ञापत्रे करीत हिंडावे लागते. तेव्हा हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. लायब्ररी म्हणजे येथे ग्रंथालय नव्हे. इतरांनी लिहून, तपासून ठेवलेल्या आणि आपल्या प्रोग्रामला बोलावता येतील अशा तयार भागांचा तो संच असतो. पडद्यावर दिसणारी खिडकी, तिच्यातील बटन, लिहिण्याची चौकट, यादी, मेनू हे सर्व प्रत्येक प्रोग्रामर स्वतः रेखाटीत बसला, तर दाखल्याचा प्रोग्राम कधीच पुरा व्हावयाचा नाही. विंडोज आणि मॅक या दोन्ही प्रणाली असे तयार भाग स्वतःच पुरवितात. परंतु एकीचे भाग दुसरीला उपयोगाचे नाहीत. लिनक्सची तऱ्हा आणखी निराळी. तेथे पडद्याचा कारभार वर्षानुवर्षे पाहणाऱ्या ‘एक्स’ या व्यवस्थेला, जी १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी संस्थेत जन्मली, चौकोन ठाऊक आहेत पण बटन ठाऊक नाही. बटन कसे दिसावे आणि दाबल्यावर कसे दबावे, हे तिने मुद्दामच इतरांवर सोडले. त्यामुळे तिन्ही ठिकाणी चालणारा प्रोग्राम लिहावयाचा तर एक तर तो तीनदा लिहावा, नाही तर तिन्ही प्रणालींशी परस्पर बोलणी करणारी मध्यस्थ लायब्ररी घ्यावी. ही मध्यस्थ कोणती घ्यावी, हा आजचा प्रश्न आहे.

असे मध्यस्थ पुष्कळ आहेत. पण त्यांच्या कामाच्या रीती मुख्यतः तीनच. आपल्या मंडळींना त्या नाटक कंपन्यांच्या दाखल्याने लवकर कळतील. पूर्वी मराठी नाटक मंडळ्या बेळगाव, हुबळी, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर असा मुलूख हिंडत. एखादी मंडळी ज्या गावी जाई तेथील थिएटरचेच पडदे वापरी. दुसरी आपले रंगविलेले पडदे बरोबर बाळगी. आणि तिसरी आपण अशी कल्पू, की जी तंबू, खांब, खुर्च्या, दिवे यांसह सगळे थिएटरच गाडीत घालून आणते.

पहिल्या रीतीचे उत्तम उदाहरण म्हणजे डब्ल्यूएक्स-विजेट्स. एडिंबरो विद्यापीठातील ज्युलियन स्मार्ट यांनी १९९२ मध्ये तिचा आरंभ केला. त्यांना आपला प्रोग्राम युनिक्सवर आणि विंडोजवर चालवावयाचा होता आणि तसे करून देणारी विकाऊ साधने परवडणारी नव्हती. तिचे मूळ नाव डब्ल्यूएक्स-विंडोज. मायक्रोसॉफ्टच्या विनंतीवरून २००४ साली ते बदलले. ही लायब्ररी स्वतः बटन काढीत नाही. विंडोजवर विंडोजकडून मागते, मॅकवर मॅककडून, आणि लिनक्सवर, तेथे गावचा असा एकच पडदा नसल्यामुळे, बहुधा जीटीके या दुसऱ्या लायब्ररीकडून. याचा मोठा लाभ असा, की प्रोग्राम त्या त्या ठिकाणी घरचाच वाटतो. फाइलझिला, किकॅड, ऑडॅसिटी हे विख्यात प्रोग्राम या लायब्ररीवर वाढले. उणीव अशी, की जे तिन्ही गावांत मिळते तेवढ्यावरच प्रपंच सुखाने चालतो. एका गावी पडदा दोन हात आखूड निघाला, की तेवढ्यापुरती निराळी सोय प्रोग्रामरलाच करावी लागते.

दुसऱ्या रीतीत लायब्ररी प्रणालीकडून कोरी जागा मागून घेते आणि बटनापासून यादीपर्यंत सर्व स्वतः रंगविते. क्यूटी (तिचे जनक उच्चार ‘क्यूट’ असा करतात), जीटीके आणि गूगलची फ्लटर या अशा लायब्ररी. सर्वत्र एकसारखे दिसणे आणि हवे ते नवे घटक घडविता येणे ही यांची बलस्थाने. तथापि गावचा पडदा कसा हलतो याची नक्कल त्यांना करावी लागते. मॅक वापरणाऱ्याचा डोळा या बाबतीत फार तिखट असतो. बटन दोन बिंदू सरकले तरी त्याला खटकते.

जावा भाषेच्या इतिहासात या दोन रीतींमधील हेलकावा मोठा बोधप्रद आहे. १९९६ च्या पहिल्या जावात ‘एडब्ल्यूटी’ ही उसनवारी करणारी लायब्ररी होती. ती तोकडी पडली, म्हणून १९९८ मध्ये सर्व स्वतः रंगविणारी ‘स्विंग’ आली. ती परकी आणि संथ वाटते, अशी तक्रार झाली. तेव्हा आयबीएमने एक्लिप्स या प्रोग्रामसाठी ‘एसडब्ल्यूटी’ काढून पुन्हा उसनवारीची वाट धरली. पाचसहा वर्षांत लंबक दोनदा फिरला. दोन्ही बाजूंना बुद्धिमान माणसे होती.

तिसरी रीत इलेक्ट्रॉनची. गिटहब कंपनीने २०१३ मध्ये ॲटम या आपल्या संपादकासाठी ती निर्माण केली. क्रोमियम हा संपूर्ण ब्राउझरच प्रोग्रामबरोबर बांधून द्यावयाचा आणि आपला प्रोग्राम म्हणजे त्या ब्राउझरमध्ये चालणारे पान, अशी ही योजना. वेबची पाने लिहिणारे तरुण जागोजाग मिळतात, म्हणून ही रीत अतिशय फोफावली. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा संपादकही हिच्यावरच उभा आहे. परंतु एक रिकामी खिडकी दाखविणारा प्रोग्रामदेखील उलगडल्यावर शंभर मेगाबाइटच्या पुढे जातो, आणि असे चार प्रोग्राम उघडले की चार ब्राउझर स्मरणशक्ती अडवून बसतात. नव्या संगणकावर हे खपून जाते. देणगीतून मिळालेल्या दहा वर्षांच्या संगणकावर खपत नाही, आणि शाळांना बहुधा तसेच संगणक मिळतात. टौरी नावाची नवी लायब्ररी (पहिली पक्की आवृत्ती २०२२) प्रणालीत असलेलेच वेबयंत्र वापरून हे ओझे उतरविते. पण ते यंत्र तिन्ही प्रणालींवर निरनिराळे असल्याने तिन्ही ठिकाणी तपासणी करण्याचे जुने काम पुन्हा गळ्यात पडते.

इतके कळल्यावर मनुष्य साहजिकच गुणांचे तक्ते मांडू लागतो : कोणती जलद, कोणती देखणी, कोणती सोपी. माझ्या मते हे तक्ते पुढे ठेवावेत. प्रथम पाहावे ते हे, की लायब्ररी बदलण्याची पाळी आली तर काय होईल. ती पाळी कशी येते हे वायरशार्कच्या कथेवरून दिसते.

वायरशार्क हा जाळ्यातून वाहणारी माहिती उकलून दाखविणारा प्रोग्राम. संगणकजाळी सांभाळणाऱ्याला तो वैद्याच्या नळीसारखा. जेराल्ड कोम्ब्स यांनी तो १९९८ साली ‘इथिरियल’ या नावाने प्रसिद्ध केला आणि त्याच्या खिडक्या जीटीकेवर उभ्या केल्या. त्या काळी, लिनक्सकडे पाहता, ही निवड रास्तच होती. पुढे जाळ्यांच्या क्षेत्रातील पुष्कळ माणसे मॅक वापरू लागली. मॅकवर वायरशार्क चालविण्यासाठी आधी ‘एक्स’ ही लिनक्सकडची पडदाव्यवस्था लागे, आणि २०१२ पासून ॲपलने ती आपल्या प्रणालीबरोबर देणे थांबविले. म्हणजे पाहुण्याने आपला दरवाजा घेऊन यावे आणि तो भिंतीत बसवून मग आत शिरावे, तसला प्रकार. २०१३ च्या ऑक्टोबरात कोम्ब्स यांनी क्यूटीकडे जाण्याचा निर्णय जाहीर केला. क्यूटीच्या खिडक्यांची पक्की २.० आवृत्ती २०१५ च्या नोव्हेंबरात आली आणि जुन्या खिडक्या पूर्णपणे काढल्या गेल्या त्या २०१९ च्या ३.० मध्ये. जगभरचे कुशल लोक हाताशी असूनही स्थलांतरास पाच वर्षांहून अधिक काळ लागला.

आणि तरीही हे स्थलांतर सुखाचेच म्हटले पाहिजे. कारण माहिती उकलण्याचे मुख्य काम खिडक्यांपासून आधीच वेगळे ठेवलेले होते. त्याच गाभ्यावर ‘टीशार्क’ नावाचा, खिडकी नसलेला आणि टंकलेल्या आज्ञांवर चालणारा भाऊ पूर्वीपासून नांदत होता. खिडक्या नव्या आल्या. गाभा जागचा हलला नाही. ज्या प्रोग्रामात शुल्काचा हिशोब बटनाच्या पोटात लिहिलेला असतो, त्याच्या नशिबी असे स्थलांतर नसते. तो मुळापासून पुन्हा लिहावा लागतो, किंवा जुन्या संगणकासह कपाटात जातो.

लायब्ररी न बदलताही पाळी येऊ शकते, कारण लायब्ररी स्वतः बदलते. जीटीकेचा जन्मच गिम्प या चित्रांवर काम करणाऱ्या प्रोग्रामसाठी झाला. बर्कले येथील स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ नंतर, मोटिफ या मालकी हक्काच्या लायब्ररीला कंटाळून, ती घडविली. तिची तिसरी पिढी २०११ मध्ये आली, चौथी २०२० च्या डिसेंबरात. आणि खुद्द गिम्प, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप झाला, तो तिसऱ्या पिढीवर पक्क्या स्वरूपात पोहोचला २०२५ च्या मार्चमध्ये! ज्या घराने लायब्ररी जन्माला घातली त्या घराला तिच्याबरोबर चालता आले नाही, तेथे सुटीच्या दिवशी काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्याची काय कथा?

आता मालकीकडे वळू. क्यूटीचा इतिहास या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखा आहे. नॉर्वेमधील ट्रॉन्डहाइम येथे १९९० च्या सुमारास हावर्ड नोर्द आणि आयरिक शाम्बे-एंग हे दोघे वैद्यकीय ध्वनिचित्रांच्या संग्रहाचा प्रोग्राम करीत होते. तो मॅक, युनिक्स आणि विंडोज या तिन्हींवर चालावयाचा होता, आणि त्या गरजेतून लायब्ररीची कल्पना निघाली. १९९४ मध्ये त्यांनी कंपनी काढली, जी पुढे ट्रोलटेक म्हणून ओळखली गेली, आणि १९९५ मध्ये क्यूटी लोकांपुढे ठेवली. १९९६ साली माटियास एट्रिश यांनी लिनक्ससाठी केडीई हा सबंध दृश्य-परिसर तिच्यावर रचण्यास घेतला. येथे ठिणगी पडली. क्यूटीची मूळ संहिता वाचावयास मिळे, पण सुधारून वाटण्याची मुभा नव्हती. एका कंपनीच्या मर्जीवर लिनक्सचा दर्शनी भाग उभा राहावा हे अनेकांना मानवले नाही, आणि १९९७ च्या ऑगस्टमध्ये मिगेल दे इकाझा आणि फेडेरिको मेना यांनी जीटीकेच्या पायावर ग्नोमचा प्रतिस्पर्धी प्रकल्प उभारला. आज लिनक्सवर दोन दरबार दिसतात, त्यांच्या फुटीचे कारण परवान्याच्या कागदात होते.

पुढे १९९८ मध्ये केडीई आणि ट्रोलटेक यांच्यात एक करार झाला. मोफत आवृत्ती निघणे बारा महिने खंडित झाले, तर लिनक्सवरील क्यूटी अत्यंत मोकळ्या परवान्याने सर्वांना खुली करण्याचा अधिकार एका प्रतिष्ठानास मिळाला. २००० साली जीपीएल परवाना आला. तो सांगतो, की वापरा, बदला, वाटा. मात्र आमचे घेऊन केलेला प्रोग्राम दुसऱ्यास द्याल तर त्याची संहिताही याच अटीवर द्या. २००८ मध्ये नोकियाने ट्रोलटेक विकत घेतली आणि २००९ मध्ये अधिक सैल असा एलजीपीएल परवाना दिला. त्यात लायब्ररीचे स्वातंत्र्य राखले, म्हणजे आपला प्रोग्राम खुला करण्याची सक्ती राहत नाही. दोनच वर्षांनी नोकियाने मायक्रोसॉफ्टशी हात मिळविला आणि क्यूटी पोरकी झाली. फिनलंडच्या डिगिया कंपनीने आधी तिचा परवाना-व्यवसाय आणि २०१२ मध्ये उरलेले सर्व घेतले. २०१६ पासून तिची स्वतंत्र कंपनी आहे. २०२० च्या जानेवारीत त्या कंपनीने दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांच्या पुढील दुरुस्त्या पैसे भरणाऱ्यांपुरत्या राखल्या, आणि जुनी अस्वस्थता पुन्हा वर आली.

एवढ्या हस्तांतरांतून लायब्ररी वाचली, याचे बरेचसे श्रेय मी त्या १९९८ च्या कागदाला देतो. म्हणून नवी लायब्ररी पाहताना तिचे पान उघडून चित्रे पाहण्याआधी परवाना वाचावा, आणि एक साधा प्रश्न विचारावा : उद्या ही कंपनी विकली गेली तर आमच्या हाती काय राहील? पायथन भाषेतून क्यूटी वापरणाऱ्यास हा प्रश्न फार जवळून भेटतो. तेथे पायक्यूटी आणि पायसाइड असे दोन जोड मिळतात. काम जवळजवळ सारखेच; पण पहिला जीपीएल किंवा विकतचा, दुसरा एलजीपीएलमध्येही मिळतो.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय, देवनागरी. लायब्ररींची तुलना करणारे इंग्रजी लेख या बाबीला बहुधा ओळभर जागा देतात. रोमन अक्षरे ओळीने मांडली की शब्द होतो. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी मागाहून टंकली जाते पण आधी दिसावी लागते. ‘अर्क’ मधील र उडून पुढच्या अक्षराच्या माथ्यावर बसतो. आणि मराठीत तोच र ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यांत डोक्यावर न जाता आडव्या चंद्रकोरीसारखा शेजारी राहतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, हा भेद त्या चंद्रकोरीवर टिकून आहे. अक्षरे जुळविण्याचे हे काम एक वेगळे यंत्र करते. विंडोज आणि मॅक यांची आपापली यंत्रे आहेत. मुक्त जगात हार्फबझ हे यंत्र प्रमाणभूत झाले आहे. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर, हे हैदराबादकडील श्रोत्यांना सांगावयास नको. क्यूटी, क्रोमियम आणि लिबर-ऑफिस हे तेच वापरतात. जीटीकेचे मजकूर मांडण्याचे काम पांगो ही उपलायब्ररी करते आणि तीही त्याच्याच आधाराने. (पांगो हे नाव ग्रीक ‘पान’, म्हणजे सर्व, आणि जपानी ‘गो’, म्हणजे भाषा, यांवरून घडले आहे; जुळणीचे काम करणाऱ्याला नावही जोडाक्षरासारखे मिळाले.)

याच्या उलट टीके ही जुनी, लहान, प्रेमळ लायब्ररी घ्या. जॉन ऑस्टरहाउट यांनी ती १९९१ मध्ये काढली. पायथनबरोबर ती आपोआप येते, म्हणून महाविद्यालयात मुले पहिली खिडकी बहुधा तिच्यातच उघडतात. मात्र तिच्या ८.६ या दीर्घकाळ चाललेल्या आवृत्तीत लिनक्सवर देवनागरी जोडाक्षरे सुटी होऊन पडतात. विंडोजवर तोच प्रोग्राम ठीक दिसतो, म्हणून लिहिणाऱ्याला दोष कळतही नाही. कळतो तो संगणककक्षात.

दिसण्यापुढे आणखी दोन पायऱ्या आहेत. ‘क्षि’ वर कर्सर एका उडीत जातो की मध्ये अडकतो, हे हाताने पाहावे लागते. आणि ल व श यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी आहेत. फॉन्टमध्ये दोन्ही असली तरी ‘हा मजकूर मराठी आहे’ असे लायब्ररीकडून कळविण्याची सोय असेल तरच मराठी वळण उमटते. पांगोमध्ये आणि वेबच्या पानात ती सोय आहे.

मग यादीचा क्रम. युनिकोडमध्ये ळ चे स्थान ल नंतर आणि व च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर, आणि त्याच्याही मागून क्ष व ज्ञ. हजेरीची यादी केवळ संकेतांकांनी लावली, तर ‘काळे’ हे ‘कासार’च्या आधी येतात आणि ‘क्षीरसागर’ शेवटी जाण्याऐवजी क च्या घोळक्याच्या टोकाला, ‘खरे’ यांच्या आधी, उभे राहतात. मराठी क्रम जाणणारी आयसीयू नावाची सर्वभाषिक लायब्ररी उपलब्ध आहे, परंतु आपल्या खिडकीतील तक्ता तिला विचारतो की नाही, हे दहा नावे घालून प्रत्यक्ष पाहावे.

अंध वापरणाऱ्यांचा विचार येथेच केला पाहिजे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारा प्रोग्राम खिडकीला विचारतो, ‘तू बटन आहेस की यादी?’ गावचा पडदा वापरणाऱ्या लायब्ररीत याचे उत्तर प्रणालीच देते. स्वतः रंगविणाऱ्या लायब्ररीला उत्तर देण्याची स्वतंत्र व्यवस्था करावी लागते. क्यूटीने ती केली आहे, टीके ८.६ मध्ये ती नाही. अंधांसाठीचा एनव्हीडीए हा सुप्रसिद्ध मोफत वाचक-प्रोग्राम स्वतःच्या खिडक्यांसाठी डब्ल्यूएक्सचाच पायथन जोड वापरतो, ही साक्ष मला पुरेशी वाटते.

आता शाळेच्या त्या प्रोग्रामसाठी मी काय निवडीन? क्यूटी, पायसाइडमधून. तीन लिपी एका खिडकीत नीट बसतात, छापण्याची आणि पीडीएफ करण्याची सोय तिच्यातच आहे, जुन्या संगणकावर ती तग धरते आणि कागद भक्कम आहे. विंडोजवरील वापर मुख्य असेल, किंवा अंध शिक्षक वापरणार असतील, तर डब्ल्यूएक्स. पालकांच्या फोनवरही तोच प्रोग्राम हवा असेल तर फ्लटरचा विचार करीन; तिची लिनक्स आणि मॅकवरील रूपे २०२२ पासून पक्की आहेत. इलेक्ट्रॉन मी शाळेच्या संगणकांकडे पाहून टाळीन, त्याच्या गुणांकडे पाहून नव्हे.

निवडीपूर्वी मात्र एक दुपार काढावी. एक खिडकी, एक लिहिण्याची चौकट, एक यादी आणि छापण्याचे बटन, एवढाच प्रोग्राम करून तो तिन्ही संगणकांवर न्यावा. त्यात ‘कुऱ्हाडे’, ‘विठ्ठल’, ‘आर्द्रा’, ‘क्षीरसागर’, ‘काळे’ ही नावे आणि त्यांच्याशेजारी दोनचार कन्नड नावे टंकावीत, खोडावीत, क्रमाने लावावीत आणि कागदावर छापून पाहावीत. पडद्यावर शुद्ध दिसलेले नाव छापताना बिघडू शकते.

नोंदींचे काय, असा प्रश्न राहतो. जुन्या काळी विशिष्ट फॉन्टच्या खासगी संकेतांत टंकलेले मराठी मजकूर तो फॉन्ट गेल्यावर निरर्थक चिन्हांचे ढीग झाले, हे येथील अनेकांनी पाहिले आहे. म्हणून नोंदी युनिकोडमध्ये आणि खिडक्यांच्या लायब्ररीशी काहीही संबंध नसलेल्या कोठीत ठेवाव्यात. एसक्यूलाइट ही तशी कोठी आहे : सारी माहिती एका फाइलीत, कोणाच्याही मालकीची नाही, आणि २०५० पर्यंत सांभाळण्याचा तिच्या कर्त्यांचा जाहीर मनोदय आहे. दाखल्याचे नियम, शुल्काचा हिशोब, नावांची तपासणी हे सर्व पायथनच्या वेगळ्या फाइलीत लिहावे आणि त्या फाइलीत क्यूटीचे नावही येऊ देऊ नये. तसे केल्याची खूण सोपी आहे : खिडकी न उघडता, टंकलेल्या एका आज्ञेने, त्या फाइलीकडून एका मुलाचा दाखला छापून घेता आला पाहिजे.